हनोईतील विद्यार्थी आणि देशसात्म्य

स्वस्थाच्या स्वास्थ्याचे रक्षण हे आयुर्वेदाचे आद्य प्रयोजन होय. परदेशी शिक्षणासाठी निघालेला विशीतील विद्यार्थी बहुधा स्वस्थच असतो. वैद्याकडे तो येतो तो उपचारासाठी नव्हे, तर सोबत न्यावयाची औषधे मागण्यासाठी. अलीकडे वैद्यकीय शिक्षणासाठी व्हिएतनामची वाट धरणारे भारतीय विद्यार्थीही आढळू लागले आहेत. अशा विद्यार्थ्यास चूर्णांच्या पुड्या बांधून द्याव्यात, की तेथील दिवस कसा व्यतीत करावा हे समजावून सांगावे? आमच्या मते दुसरे कार्य अधिक अगत्याचे आहे. यास्तव हनोई या राजधानीच्या शहरातील विद्यार्थिजीवनाचा वैद्याच्या दृष्टीने विचार करू.

देश व काल

हनोई हे तांबड्या नदीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेले, तळ्यांनी व्यापलेले शहर आहे. आनूप देशाची लक्षणे येथे स्पष्ट दिसतात. त्यामुळे मराठवाड्यासारख्या रूक्ष प्रदेशातून गेलेल्या विद्यार्थ्यास कफवाताचा उपद्रव संभवतो. उन्हाळ्यात पारा ३५ अंशांच्या वर जातो, तर हिवाळ्यात १० अंशांच्या आसपास उतरतो. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ‘नोम’ नावाचे दमट हवामान असते. तेव्हा भिंती व फरशा अक्षरशः पाझरतात आणि कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत. अशा हवेत कागदी पुडीतील चूर्णाचा गोळा होतो व त्यास बुरशी येते. द्यावयाचेच असेल तर मोजके औषध, घट्ट झाकणाच्या डबीत व नाव लिहूनच द्यावे.

दिनचर्या

या शहराची एक गोष्ट वैद्यास संतोष देणारी आहे. सूर्योदयापूर्वीच आबालवृद्ध होआन किएम तलावाभोवती व्यायाम करताना दिसतात आणि महाविद्यालयांचे वर्ग बहुधा सकाळी सातच्या सुमारास भरतात. रात्री जागणाऱ्या विद्यार्थ्याचे येथे निभत नाही. मध्यान्ही भोजनोत्तर झोपेचा प्रघात मात्र सार्वत्रिक आहे. ग्रीष्मात अल्प दिवास्वाप शास्त्रसंमत असला, तरी नोमच्या ओलसर दिवसांत तोच कफवृद्धी, शिरोगौरव व अग्निमांद्य उत्पन्न करतो. त्या काळात शतपावली करून बसल्या बसल्या विश्रांती घेणे इष्ट.

आहार

सकाळचा ‘फो’ म्हणजे हाडांच्या कढणातील तांदळाच्या शेवया. मत्स्यरस ‘नुओक माम’ तर बहुतेक पदार्थांत असतो. शाकाहारी विद्यार्थ्याने येथे एक शब्द प्रथम शिकावा. ‘चाय’ म्हणजे शाकाहारी. आपण ज्यास चहा म्हणतो तो तेथे ‘चा’. या भाषेत सहा स्वर आहेत व स्वर चुकला की अर्थ पालटतो, म्हणून हा शब्द लिहून जवळ ठेवणे बरे. चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे शाकाहार पाळतात, त्या दिवशी असे अन्न सहज मिळते.

मत्स्ययुक्त न्याहारीनंतर लगेच आटीव दुधाची कॉफी घेणे हा विरुद्धाहार होय. जेवताना बर्फ घातलेला चहा पिण्याची सवयही अग्नीस मारक. उलटपक्षी आले, हळद, तुळशीच्या कुळातील ताजी पाने यांची तेथे रेलचेल आहे. ‘राउ मा’ म्हणून ज्या पाल्याचा रस उन्हाळ्यात रस्तोरस्ती विकला जातो, ती आपली मंडूकपर्णीच. चरकाचार्यांनी सांगितलेल्या पादांशिक क्रमाने, म्हणजे चतुर्थांशाने जुने सोडीत व नवे स्वीकारीत गेल्यास हा आहार सात्म्य होऊ शकतो.

तेथील वैद्यक

परंपरेने चौदाव्या शतकातील मानला गेलेला भिक्षू-वैद्य तुए तिन्ह याचा आग्रह होता, की दक्षिणेच्या लोकांस दक्षिणेचीच औषधे द्यावीत. देशसात्म्याचा सिद्धान्त याहून निराळा तो काय? आज हनोईत असलेली पारंपरिक वैद्यकाची अकादमी २००५ साली स्थापन झाली. जुन्या शहरातील लान ओंग रस्ता वनौषधींच्या दुकानांसाठी प्रसिद्ध असून, त्यास अठराव्या शतकातील थोर वैद्य हाय थुओंग लान ओंग यांचे नाव आहे. सर्दी-अंगदुखी झाली की सहाध्यायी पाठीवर तेल लावून नाण्याने घासतात. यास ‘काओ यो’, अर्थात वारा खरवडून काढणे, म्हणतात. त्याचे लाल वळ पाहून पालकांनी घाबरू नये.

ज्वराच्या बाबतीत मात्र गृहोपचारावर विसंबू नये. हनोईत पावसाळ्याच्या उत्तरार्धात डेंग्यूचा प्रादुर्भाव वाढतो. ताप येताच ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळून रुग्णालयात रक्ततपासणी करून घ्यावी, हे विद्यार्थ्यास निघण्यापूर्वीच बजावावे.

विषाद

सर्वांत कठीण काळ ‘तेत’ या नववर्षाचा. जानेवारीअखेर वा फेब्रुवारीत येणाऱ्या या सणास लोक आपापल्या गावी जातात, अनेक दुकाने काही दिवस बंद राहतात आणि वसतिगृह ओस पडते. अन्नाची तजवीज आधी करता येते, एकटेपणाची करता येत नाही. रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाचार्यांनी विषादास अग्रस्थान दिले आहे. व्हिएतनामी माणूस परक्यासही काका, ताई, धाकटा भाऊ अशा नात्यानेच संबोधतो. मराठी मुलास ही रीत परकी वाटू नये. अशा एखाद्या घरचे आमंत्रण आल्यास त्याने ते अवश्य स्वीकारावे.

पालकांचा दूरध्वनी आला की ‘औषध कोणते पाठवू?’ हा प्रश्न असतो. वैद्याने आधी भूक, झोप, मलप्रवृत्ती आणि ‘जेवायला सोबत कोण असते?’ हे विचारावे. ज्या वैद्यबंधूंचे रुग्ण तेथे शिकत असतील, त्यांनी आपले अनुभव अवश्य कळवावेत.