ब्रीदवाक्याला वेळ आणि जागा द्या

हा कालच्या एपिसोडचा लेखी भाग. आमच्या कशेळ्यात रेंज मधेच गायब होते, त्यामुळे ज्यांचं ऐकणं अर्धवट राहिलं त्यांच्यासाठी खास.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी मी टेबलासमोर कागद चिकटवला होता, 'अशक्य काहीच नाही'. मोबाईलच्या वॉलपेपरलाही तेच. आणि गणितात केटी लागली! वाक्य काही खोटं नव्हतं हो. पण मंगळवारी संध्याकाळी कर्जत स्टेशनवर उतरून दमून घरी आल्यावर नेमकं काय करायचं, हे ते सांगत नव्हतं.

आता दुसरं वाक्य बघा. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद.' 'रयत'च्या शाळेत शिकलेल्यांना हे पाठच असणार. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, आपला स्वयंपाक आपणच करायची, शेतात राबायची. स्वावलंबन म्हणजे काय, असं त्या मुलांना विचारलं असतं तर त्यांनी व्याख्या सांगितली नसती. आज भाकऱ्या थापायची पाळी कोणाची, ते सांगितलं असतं. (मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. ब्रीद पाळायला खर्च येतो, हे पोस्टरवर कधी छापत नाहीत.)

आपल्या तालुक्यातच बघा ना. १९४२ मध्ये 'करा किंवा मरा' ही हाक देशभर गेली. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने तिचं काय केलं? विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आलं. आपल्याला तेवढं द्यायचं नाहीये. पण हाकेचं त्यांनी ठरलेलं काम केलं, तेवढं तरी उचलू या.

पीटर गोल्विट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच संशोधन केलंय. नुसतं 'मी अभ्यास करणार' म्हणण्यापेक्षा 'अमुक घडलं, की मी तमुक करणार' असं ठरवलं, तर ते काम हातून होण्याची शक्यता वाढते. कारण त्या क्षणी विचार करत बसावं लागत नाही, निर्णय आधीच झालेला असतो. कोडिंगवाल्यांना कळलंच असेल, हा साधा 'इफ' आहे.

माझी केटी सुटली ती अशीच. नियम केला, लोकल कर्जतहून सुटली की वही बाहेर, वांगणी यायच्या आत एक गणित. गर्दीत उभा असेन तर तोंडी सूत्रं. रविवारी लोकल नाही, म्हणून गणितही नाही. हे मी मुद्दाम ठेवलं होतं, नाहीतर एक दिवस चुकला की अख्खा नियमच सुटतो.

माझी चुलत बहीण यंदा बारावीला आहे. तिचं वाक्य 'वेळ वाया घालवायचा नाही'. मी म्हटलं, कुठला वेळ? तिने विचार करून लिहिलं, 'कॉलेज सुटल्यावर स्टॉपवर एसटीची वाट बघताना फोन दप्तरात, बायोलॉजीच्या दोन आकृत्या हातात.' चार दिवस जमलं. पाचव्या दिवशी एसटी वेळेवर आली! आता आकृत्या ती गाडीतच बघते, खिडकी मिळाली तर.