दाताच्या दवाखान्याचा हिशेब : गल्ला भरलेला, तरी हात रिकामा का?

आज आपल्या मोहल्ल्यांतून दाताचे दवाखाने चालविणारे तरुण डॉक्टर जागोजागी दिसतात. हाताला कसब असते, बाकावर रुग्ण बसलेले असतात. तरीही महिनाअखेर लॅबचे बिल चुकवायला पैसे नसतात. असे का होते? बहुधा कमाई कमी नसते; हिशेबाची पद्धत धंद्याला जुळणारी नसते.

किराणा दुकानात माल दिला, पैसे घेतले की व्यवहार संपला. दातांच्या कामाचे तसे नाही. रूट कॅनॉलला अनेकदा दोन-तीन बैठका लागतात. कवळीला माप घेण्यापासून बसविण्यापर्यंत अनेक फेऱ्या होतात. रुग्ण पैसे हप्त्याने देतो आणि कॅप किंवा कवळी घडविणारा कारागीर आपले बिल मागाहून पाठवितो. म्हणजे काम एका तारखेला, पैसे दुसऱ्या तारखेला आणि खर्च तिसऱ्याच तारखेला! केवळ गल्ला मोजणाऱ्याला या तिहींचा मेळ लागत नाही.

समजा, कवळीचे १२,००० रुपये ठरले व रुग्णाने ५,००० आगाऊ दिले. डॉक्टरांनी ती आजची कमाई समजून घरी खर्च केली. पण काम तर अजून व्हायचे आहे, आणि त्यातून लॅबचे समजा ३,५०० रुपये द्यायचे आहेत. हिशेबाच्या दृष्टीने ही आगाऊ रक्कम कमाई नसून देणे आहे. अशा दहा रुग्णांचे पैसे खर्च झाले की लॅबच्या कारागिराची मजुरी अडकते. त्याचेही घर त्याच मजुरीवर चालते.

यावर उपाय सोपा आहे. रोकडवहीखेरीज एक ‘कामाची वही’ ठेवावी. प्रत्येक कामाला क्रमांक द्यावा व एका ओळीत तारीख, रुग्णाचे नाव, काम, ठरलेली रक्कम, मिळालेले हप्ते, बाकी, लॅबचा खर्च आणि काम पूर्ण झाल्याची तारीख लिहावी. तोच क्रमांक लॅबच्या चिठ्ठीवर घालावा. बिल आले की क्रमांक पडताळायचे, एवढेच काम उरते. एकाच कॅपचे पैसे दोनदा लागले काय, पुन्हा बनविलेल्या कॅपचा खर्च कोणाकडे, हे वाद जागीच मिटतात. वहीऐवजी संगणकावर तक्ता केला तरी चालेल, पद्धत तीच.

याला तीन सवयींची जोड द्यावी. पहिली, दवाखान्याचे बँक खाते घरापासून वेगळे ठेवावे आणि स्वतःसाठी दरमहा ठराविक रक्कमच उचलावी. दुसरी, रोज दवाखाना बंद करताना सकाळची शिल्लक अधिक जमा वजा खर्च करून गल्ल्याशी ताडून पाहावे. मोबाईलवरून आलेले पैसे बँकेच्या नोंदीशी जुळवावेत. तिसरी, खुर्ची व यंत्रांची झीज धरावी. ३ लाखांची खुर्ची १० वर्षे चालेल असे मानले तर दरमहा २,५०० रुपये बाजूला पडले पाहिजेत. नाहीतर नवी खुर्ची कर्जातून येते.

कराच्या बाजूनेही हे उपयोगी आहे. १९६२ च्या आयकर नियमांनी डॉक्टरांसाठी जो रुग्णनोंदवहीचा नमुना घालून दिला, त्यात सेवेची तारीख आणि फी मिळाल्याची तारीख असे वेगवेगळे रकाने होते. २०१६ मध्ये व्यावसायिकांसाठी सोय झाली की वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असल्यास निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरता येतो. २०२३ मध्ये, रोखीचा भाग ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास, ही मर्यादा ७५ लाख झाली. पण या सोयीमुळे वहीची गरज संपली असे कोणी समजू नये. कर किती हे त्यातून कळते. नफा झाला की तोटा, हे वहीच सांगते. तसेच जुलै २०१७ पासून जीएसटीत वैद्यकीय उपचारांना सूट असल्याने सामानावर भरलेला कर परत मिळत नाही. म्हणून सामानाची किंमत करासह खर्चात धरावी.

उधारी लिहून ठेवण्यात संकोच कसला? सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लेखी नोंद करण्याची आज्ञा आहे, आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये असेही बजावले आहे. कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत आहे. जकातीच्या वेळीही रोकड, येणे व देणे स्वच्छ मांडलेले असेल तर आलिमांना नेमके विचारता येते. अंदाजाने भागवावे लागत नाही.

ही पद्धत केवळ डॉक्टरांसाठी नाही. शेरवानी शिवणारा दर्जी, कपाट बनविणारा सुतार, दागिना घडविणारा कारागीर, सर्वच आगाऊ रक्कम घेऊन नंतर काम देतात. आगाऊ रक्कम मिळाली म्हणजे कमाई झाली, हा समज मनातून काढून टाकावा. प्रत्येक कामाला एक क्रमांक व एक ओळ द्या. रोजची दहा मिनिटे जातील. पण कोणाचे किती देणे आहे, हे झोपण्यापूर्वी ठाऊक असेल.