नव्या घरावर कौल की पत्रा?



घर बांधताना आपण पायाची पूजा करतो, चौकट बसवताना नारळ फोडतो. छपराचा विचार मात्र शेवटी होतो आणि तोवर हातातले पैसे संपत आलेले असतात. मग 'सध्या पत्रा टाकू, पुढं बघू' असं म्हणून मोकळे होतो. ते 'पुढं' कधी कधी वीस वर्षांनी येतं. म्हणून आज छपराबद्दल बोलू.

मागं आमच्या गटातल्या एका ताईंनी छपरासाठी कर्ज मागितलं. सासूबाईंचं म्हणणं कौलं घालावीत, मुलाचं म्हणणं पत्रा. पत्रा ठरला. आम्ही बैठकीत हप्ता किती, जामीन कोण, एवढंच विचारलं. मे महिन्यात वळीव आला आणि पुढच्या पडवीचे चार पत्रे शेजारच्या उसात जाऊन पडले. माणसं आत होती म्हणून वाचली. नंतर बघितलं तर कडेच्या ओळीला बोल्टच कमी मारले होते आणि वर दगड ठेवले होते. चूक एकट्या मिस्त्रीची नव्हती. कर्ज आम्ही दिलं, पण ते कशावर खर्च होतंय हे आम्हीही विचारलं नव्हतं.

आपल्या इंदापूर-बारामतीकडं जुनी घरं माळवदाची. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि ऊन चाळीस अंशांच्या वर, म्हणून मातीचं जाड छप्पर शोभायचं. मंगलोरी कौल नंतर आलं. बासेल मिशननं १८६५ साली मंगळूरला त्याचा कारखाना काढला, म्हणून ते नाव. आता जाहिरातीत रिसॉर्टवर डांबरी शिंगलही दिसतात. पण त्यांच्याखाली सगळीकडं प्लायवूड लागतं, म्हणून ते आपल्या खिशाबाहेरचं. आपल्यापुढं खरे दोनच पर्याय, कौल आणि पत्रा.

आधी वजनाचा हिशोब. घर २० फूट लांब, १४ फूट रुंद आणि चारही बाजूंना दीड फूट वळचण धरू. कौलाला उतार जास्त लागतो, नाहीतर सांध्यातून पाणी आत येतं. त्यामुळं पाख्यांचं क्षेत्रफळ साधारण ४२ चौरस मीटर होतं. चौरस मीटरला १५ कौलं धरली तर ६३० लागतात, फूटतुटीची वेगळी. एक कौल अडीच ते तीन किलोचं, म्हणजे घराच्या डोक्यावर जवळजवळ पावणेदोन टन वजन आलं. पत्र्याला उतार कमी चालतो. त्याच घराचा पत्रा पावणेदोनशे किलोच्या आत भरतो. म्हणून कौलाला वासे, रिपा, आढं भक्कम हवं आणि खरा खर्च त्या लाकडावर होतो. नुसत्या कौलाचा भाव विचारून फसू नका.

आता उन्हाचं. पत्रा पटकन तापतो आणि ती धग सरळ खाली सोडतो. दुपारी पाळण्यातलं बाळ आणि खाटेवरचं म्हातारं माणूस ती सोसतं. कौल उशिरा तापतं आणि सांध्यांतून हवा खेळती राहते. पत्राच घालायचा असेल तर भिंत उंच घ्या, आढ्याजवळ समोरासमोर झरोके ठेवा आणि वरून पांढरा रंग द्या. आतून उसाचं पाचट मात्र लावू नका. चुलीची एक ठिणगी पुरते.

वाऱ्याचं गणित उलटं. कौल वजनानं बसून राहतं, पण गारांनी फुटतं आणि त्याची शाकारणी वरचेवर करावी लागते. पत्रा हलका. वारा त्याच्यावरून जाताना त्याला वर ओढतो आणि उघड्या पडवीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. म्हणून कडा आणि आढं इथं बोल्ट जवळजवळ हवेत. नागमोडी पत्र्याला भोक उंचवट्यावर पाडायचं, खळग्यात नाही, आणि रबरी वायसर विसरायचा नाही. खालचे अँगल भिंतीत काँक्रीटनं पक्के धरलेले हवेत. दगड ठेवू नका. पत्रा उडतो तेव्हा दगडही उडतो.

पत्रा घेताना गेजचा आकडा नीट बघा. आकडा मोठा तितका पत्रा पातळ. दुकानदाराला जाडी मिलिमीटरमध्ये आणि जस्ताचा थर किती ग्रॅमचा, हे बिलावर लिहायला लावा. विजेची वायर पत्र्याला टेकू देऊ नका, ती पाइपातूनच न्या. कौल घेताना दोन कौलं एकमेकांवर वाजवा. खणखणीत वाजलं तर भाजणी चांगली, बद्द वाजलं तर परत ठेवा. आणि ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. तो कापताना उडणारी धूळ छातीत बसते आणि तिच्यापासून कॅन्सर होतो.

पन्हळ लावली तर छप्पर पाणीही देतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आपल्या या घरावर वर्षाला अठरा हजार लिटर पडतं. थोडं वाया गेलं तरी चौदा हजार हाती लागतं.

मग निवडायचं काय? जुन्या घराचं चांगलं लाकूड असेल, घरात लहान बाळ किंवा म्हातारं माणूस असेल आणि शाकारणीला माणूस मिळत असेल, तर कौल. लाकूड नसेल, घर उघड्या माळावर नसेल आणि पैसे मोजके असतील, तर पत्रा. पण जाड आणि पक्का बांधलेला. केंद्राच्या घरकुल योजनेत सपाट भागासाठी १ लाख २० हजार रुपये धरलेले आहेत. त्यातले छपराचे पैसे पाया भरतानाच बाजूला काढा.

आमच्या गटात आता छपराचं कर्ज मागितलं की पाच प्रश्न विचारतो. जाडी किती? बोल्ट किती? अँगल कशात धरलेत? झरोका कुठं? दुपारी घरात कोण असतं? त्या ताईंनी पडवी पुन्हा बांधली तेव्हा त्या स्वतः शिडीवर चढून बोल्ट मोजत होत्या. मिस्त्री हसला, पण दोन बोल्ट जास्त मारून गेला.

तुमच्याही पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न वाचून दाखवा.