रामशास्त्री कुणाच्या बाजूचे?

नंदुरबारहून सुरतेला जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे आपल्याकडे बाजाराची, दवाखान्याची आणि मजुरीची गाडी. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. वाटेत नवापूर लागतं, ज्या स्टेशनचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत आहे. या गाडीने ज्या शहरात आपण उतरतो, तिथे आपसातली भांडणं दोनदा अशी विकोपाला गेली, की पुढची कित्येक वर्षं निस्तरावी लागली.

पहिल्यांदा मार्च १७७५ मध्ये. पेशवाईवर हक्क सांगणारे रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला आले आणि त्यांनी सुरतेचा तह केला. अडीच हजार फौजेच्या मदतीसाठी साष्टी आणि वसई देऊ केली, वर सहा लाखांचे दागिने तारण ठेवले. दुसऱ्यांदा डिसेंबर १९०७ मध्ये. काँग्रेसच्या अधिवेशनात जहाल आणि मवाळ समोरासमोर आले, व्यासपीठावर एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला, तो फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि मंडप उधळला.

या दुसऱ्या भांडणानंतर दोनच वर्षांनी पहिल्या भांडणाच्या मुळाशी जाणारं नाटक मराठी रंगभूमीवर आलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’, साल १९०९, प्रयोग महाराष्ट्र नाटक मंडळीचा. खाडिलकर ‘केसरी’तले, टिळकांच्या विश्वासातले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर मंडालेला होते. नाव ऐकताच प्रेक्षकाला शनिवारवाडा आणि सुरतेचा मंडप एकदमच आठवले असतील, असं मला वाटतं.

नाटकाचा विषय ३० ऑगस्ट १७७३ चा. गणेशोत्सवाचे दिवस होते. थोरले माधवराव पेशवे जाऊन वर्षही झालेलं नव्हतं आणि गादीवर त्यांचा अठरा वर्षांचा भाऊ नारायणराव होता. काका रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत. काहीतरी शिजतंय याची कुणकुण नारायणरावाला त्या दिवशी लागली होती. त्याने हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करायला सांगितलं. इतिहासकार ग्रँट डफच्या हकिकतीप्रमाणे हरिपंतांना जेवणाचं आमंत्रण होतं. ते आधी जेवायला गेले. दुपारी सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार थकलेल्या पगाराची ओरड करत वाड्यात घुसले. नारायणराव पळत काकांच्या दालनात गेला, त्यांना मिठी मारली आणि तिथेच कापला गेला. चाफाजी टिळेकर नावाच्या सेवकाने धन्यावर अंग टाकलं. तोही मेला.

या टिळेकराकडे मराठी माणसाचं लक्ष कमीच जातं. ‘काका, मला वाचवा’ सगळ्यांना पाठ आहे. काका-पुतण्याचं राजकीय भांडण पेटलं की वर्तमानपत्रांना आयता मथळा मिळतो. पण त्या दुपारी निष्ठा म्हणावी अशी गोष्ट एका नोकराने केली, आणि ती करताना त्याला कुणी पटवून द्यावं लागलं नव्हतं.

बाकी सगळ्यांना मात्र पटवावं लागलं. गारद्यांना पैशाने, रघुनाथरावांना त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी. ‘ध’चा ‘मा’ आपण शाळेतच ऐकतो: धरण्याच्या हुकुमात एक अक्षर बदलून मारण्याचा हुकूम झाला. पुष्कळ इतिहासकार ही दंतकथाच मानतात. तरी ती टिकून आहे, कारण तिच्यामुळे सगळ्यांचीच सोय होते. रघुनाथरावांना म्हणता येतं, मी फक्त धरायला सांगितलं होतं. लोकांना अटकेपर्यंत गेलेला राघोभरारी, म्हणजे हेच रघुनाथराव, पुरता काळा करावा लागत नाही. सगळं खापर एका बाईच्या माथी फुटलं की इतर पुरुष मोकळे.

खोट्या कागदावरून शेक्सपिअर आठवतो. त्याच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये कॅशिअस ब्रूटसच्या खिडकीतून चिठ्ठ्या टाकतो, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, जणू सारं रोमच त्याला उठ म्हणतंय. सज्जन माणूस खुनात ओढायचा, तर त्याला लोभ दाखवून भागत नाही, कर्तव्य दाखवावं लागतं. ब्रूटस फसतो तो त्याच्या चांगुलपणामुळे. रघुनाथराव फसतात ते आपल्यावर अन्याय झाला या भावनेमुळे. पराक्रम आमचा आणि मसनद पोरासोरांना, ही सल त्यांच्या मनात आधीपासून होतीच, तिला फक्त वारा घालायचा होता. आनंदीबाईंना पाहताना लेडी मॅकबेथही आठवते. खाडिलकरांचं शेक्सपिअरचं वाचन लपत नाही. ‘सवाई माधवरावांचा मृत्यू’ या त्यांच्या नाटकात तर हॅम्लेट आणि ऑथेल्लो शेजारी-शेजारी बसलेत.

पण खुनानंतर ‘ज्युलिअस सीझर’ आणि ‘भाऊबंदकी’च्या वाटा वेगळ्या होतात, आणि माझ्या मते खाडिलकरांचं मोठेपण तिथे आहे. रोममध्ये खुनाचा निवाडा चौकात होतो. ब्रूटस बोलतो, लोक त्याच्या बाजूने. अँटनी बोलतो, प्रेत दाखवतो, मृत्युपत्रातून माणशी पंचाहत्तर नाणी मिळणार म्हणून सांगतो, आणि तेच लोक मशाली घेऊन धावतात. सिन्ना नावाचा एक कवी केवळ नाव कटातल्या माणसाचं म्हणून मारला जातो. तिथे जो शेवटी बोलला तो जिंकला. मधे उभा राहून ‘थांबा, चौकशी करू’ म्हणणारा एकही माणूस त्या नाटकात नाही.

पुण्यात तो माणूस होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे, मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. रघुनाथराव पेशवे झाल्यावरही शास्त्रीबुवांनी चौकशी चालूच ठेवली. काही आठवड्यांनी त्यांनी पेशव्यांनाच सांगितलं, या पापाला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. मग तुमच्या राज्यात राहणार नाही म्हणून पुणे सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

ते कुणाच्या बाजूचे होते? नारायणरावाच्या म्हणावं तर तो मेला होता, त्याच्याकडून काही मिळणार नव्हतं. बारभाईंच्या म्हणावं तर नाना फडणीस आणि सखारामबापूंचं रघुनाथरावांविरुद्धचं कारस्थान अजून उभं राहायचं होतं. नारायणरावाच्या विधवा गंगाबाईंना पुरंदरावर नेणं, १८ एप्रिल १७७४ ला त्यांच्या मुलाचा, सवाई माधवरावाचा जन्म, हे सगळं नंतरचं. शास्त्री ज्या गादीचं मीठ खात होते, तिच्यावरच आरोपी बसला होता. चाकराची निष्ठा धन्याशी असते, न्यायाधीशाची ती असून चालत नाही, इतकं साधं त्यांचं म्हणणं. खाडिलकरांनी नाटकातला सगळ्यात मोठा आवाज दिला तो ज्याचं मन वळवता येत नाही अशा माणसाला. आनंदीबाईंचं बुद्धिकौशल्य आणि रघुनाथरावांचा संताप, दोन्ही या भिंतीपाशी येऊन थांबतात.

१९०९ साली हे बोलणं सोपं नव्हतं. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्याच वर्षी सरकारने खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी आणली, त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे प्रेक्षकांइतकंच सरकारलाही कळलं होतं. ‘कीचकवध’ जुलमी माणसाच्या वधाला टाळ्या घेतो आणि ‘भाऊबंदकी’ खुनाचा हिशेब मागते. दोन्ही एकाच लेखकाची, दोन वर्षांच्या अंतरातली. हा विरोध खाडिलकरांना जाणवला असेलच. त्यांनी तो मिटवला नाही, हे बरं केलं.

पुढे हे नाटक नटांनी जगवलं. मुंबई मराठी साहित्य संघाच्या प्रयोगात नानासाहेब फाटकांचा राघोबा आणि दुर्गा खोट्यांची आनंदीबाई गाजली. १९४४ मध्ये प्रभातने ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला, गजानन जागीरदार शास्त्रीबुवांच्या भूमिकेत. खरे रघुनाथराव मात्र १७८३ च्या डिसेंबरात कोपरगावला वारले. त्याआधी इंग्रजांनीही सालबाईच्या तहात त्यांना सोडून दिलं होतं. सुरतेला तारण ठेवलेल्या दागिन्यांनी त्यांना पेशवाई काही मिळाली नाही.

आता एक विनंती. नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूरच्या महाविद्यालयांत दरवर्षी स्नेहसंमेलनं होतात. या वेळी रामशास्त्री आणि रघुनाथरावांचा प्रवेश बसवून पाहा. खाडिलकर १९४८ साली गेले, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, तेव्हा मानधनाची अडचण नाही. नेपथ्यही फार लागत नाही, एक बैठक पुरे. फक्त शास्त्रीबुवांचं काम करणाऱ्या मुलाला ओरडू देऊ नका. आवाज चढवायचं काम रघुनाथरावांचं आहे.