वर्गात आपल्या लेकराला किती बळ वाटतं?



मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत बँकेचे साहेब आले, कर्जाचे नियम सांगितले आणि शेवटी म्हणाले, "समजलं ना सगळ्यांना?" आम्ही सगळ्या एका सुरात "हो!" ते गेल्यावर कळलं, व्याजाचा हिशोब एकीलाही समजला नव्हता. मीसुद्धा गप्पच बसले होते, बी.ए. होऊन. ही सवय आपल्याला शाळेतच लागते, असं माझं मत आहे. तिथेही सर विचारतात, "समजलं ना?" आणि सगळा वर्ग "हो सर!"

मग मुलांना वर्गात किती बळ वाटतं हे कळणार कसं? १९९६ साली अमेरिकेत फ्रायमियर, शुलमन आणि हाउझर या संशोधकांनी कॉलेजच्या मुलांसाठी त्याची मोजपट्टी तयार केली. त्यात तीन गोष्टी पाहतात. हे काम मला जमेल असं वाटतं का? जे शिकवतात ते मला माझ्या कामाचं वाटतं का? आणि माझ्या बोलण्याने वर्गात काही फरक पडतो का?

तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. पहिला नंबर काढणारी मुलगीसुद्धा तिथे रिकामी निघू शकते. पाढे तोंडपाठ, पण फळ्यावरचं दिसत नाही हे सांगायला तोंड उघडत नाही. गुणपत्रिकेत हे कुठेच दिसत नाही.

लहान मुलांसाठी हे साधेपणाने करता येतं. दोन डबे घ्या. एकावर हसरा चेहरा काढा, दुसऱ्यावर रडका. एकेक प्रश्न वाचायचा आणि प्रत्येकाने आडोशाला जाऊन एका डब्यात चिंचोका टाकायचा. नाव विचारायचं नाही, गुरुजींनी जवळ उभं राहायचं नाही. "शाळा आवडते का?" असं विचारू नका, सगळी हसऱ्यातच टाकतील. "न समजलेलं परत विचारायला भीती वाटते का?" असं नेमकं विचारा. मुली आणि मुलगे यांचे चिंचोके वेगळे मोजा, तिथे बरंच काही कळतं. दिवाळीच्या सुट्टीआधी एकदा आणि परीक्षेआधी एकदा, त्याच वर्गात.

पण या आकड्यावरून कुठल्या बाई चांगल्या, कुठले सर वाईट, हे ठरवू नका. तसं झालं की मुलांना आधीच पढवून ठेवतील.

शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या जागा बायकांच्या. म्हणजे तुमच्यातली कोणीतरी तिथे असणारच. सही करून परत येऊ नका. "मुलांना विचारायची भीती वाटते, आपण काय करू या?" असं शांतपणे मांडा. मुलांनी सांगितलेली एक तरी गोष्ट लगेच बदला, मग ती पाणी प्यायला उठू देण्याएवढी लहान का असेना. नाहीतर पुढच्या वेळी ती खरं सांगणार नाहीत.

आणि हो, त्या साहेबांना आम्ही परत बोलावलंय. या वेळी व्याज फळ्यावर मांडून दाखवायला सांगणार आहोत.