चालू खाती किती असावीत?

२०२० सालच्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. आमच्या उचगावच्या घरी रिवाजाप्रमाणे पाटावर रोजकीर्द आणि खतावणी मांडली, त्यांवर हळदकुंकू वाहिले आणि वह्यांशेजारी चेकबुके ठेवली. ती पाच निघाली. पुतण्या नुकताच हिशेबाचे शिक्षण पुरे करून आला होता. त्याने आरती होईपर्यंत कसाबसा धीर धरला आणि मग विचारले, "अण्णा, दुकान एक, गिरणी एक आणि चालू खाती पाच कशासाठी?" अण्णा म्हणजे आमचे थोरले बंधू. ते म्हणाले, "प्रत्येकाला कारण आहे. सांगत बसलो तर फराळ राहील."

फराळ झाला, पण उत्तर राहिले. ते सापडायला आम्हांस पुढची चार वर्षे लागली. सीमाभागात दुकान, गिरणी, अडत किंवा लहानसा कारखाना चालविणाऱ्या कितीतरी मराठी घरांत हाच प्रश्न कपाटात चेकबुकांच्या गठ्ठ्याच्या रूपाने पडून असेल, म्हणून आमचा अनुभव येथे मांडत आहोत.

प्रथम ही खाती आली कोठून ते सांगितले पाहिजे, कारण कोणीही ठरवून पाच खाती काढत नाही. आमचे पहिले खाते वडिलांनी बेळगाव बँकेत काढलेले. १९३० साली निघालेली ही बँक १९७५ साली युनियन बँकेत विलीन झाली आणि वडिलांचे खाते आपोआप युनियन बँकेचे झाले. पुढे खतांच्या कंपनीचा पैसा भरणे सोयीचे म्हणून अण्णांनी दुकानाच्या नावे कॉर्पोरेशन बँकेत दुसरे खाते उघडले. तिसरे खाते कॅश क्रेडिटचे, म्हणजे दुकानातील माल तारण ठेवून घेतलेल्या खेळत्या कर्जाचे. चौथे एका खासगी बँकेचे. मंगळवारी व शुक्रवारी मळेकरणीच्या दर्शनास येणारी मंडळी मोबाइलवरून पैसे देऊ लागली, तेव्हा त्या बँकेचा प्रतिनिधी चौकोनी ठिपक्यांचा फलक घेऊन दारात उभा राहिला आणि फलकाबरोबर खातेही देऊन गेला.

पाचवे खाते चंदगडकडचे. त्याची कथा थोडी निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहून कोल्हापूरला जोडला गेला. आमची निम्मी गिऱ्हाइके एका दिवसात परराज्यातली झाली. वेंगुर्ले रस्त्यावरचे शिनोळी आमच्यापासून सायकलीच्या अंतरावर. पण तिकडच्या माणसाने भाताचा किंवा खताचा चेक दिला की बेळगावच्या बँकेत तो बाहेरगावचा चेक ठरे. टपालाने जाई, टपालाने येई, बँक कमिशन कापून घेई आणि पैसे जमा होईतो दोनतीन आठवडे सहज निघून जात. वडिलांनी वैतागून सीमेपलीकडे एका सहकारी बँकेत खाते काढले. त्या काळी त्याहून शहाणपणाचा दुसरा उपाय नव्हता.

थोडक्यात, प्रत्येक खाते उघडण्यामागे खरोखरच कारण होते. ते कारण संपले की नाही हे मात्र आम्ही कधी तपासले नाही.

आता चालू खात्याचा स्वभाव पाहू. बचत खात्यावर थोडे तरी व्याज मिळते; चालू खात्यावर काहीच मिळत नाही. उलट ठरावीक शिल्लक नसेल तर दंड बसतो. व्यापारी व्यवहार बचत खात्यात करू देत नाहीत, म्हणून चालू खाते घ्यावेच लागते. पुतण्याने एका रविवारी पाचही खात्यांचे वर्षभराचे उतारे जमिनीवर पसरले. कॅश क्रेडिट सोडून उरलेल्या चार खात्यांत मिळून सरासरी अडीच लाख रुपये निवांत पडून राहात होते. त्याच वेळी कॅश क्रेडिटवर आम्ही द. सा. द. शे. ११ ने व्याज भरत होतो. हे व्याज रोजच्या बाकीवर लागते. अडीच लाख तेथे भरले असते तर वर्षाचे २७,५०० रुपये वाचले असते. महिन्याला सुमारे २,३०० रुपये आम्ही केवळ पैसे विखरून ठेवण्याबद्दल देत होतो. अण्णांनी चष्मा पुसून आकडे दोनदा तपासले आणि काही न बोलता चहा मागविला.

एवढ्यावर आम्ही लगेच खाती बंद केली असे मात्र नाही. सवय ही मोठी चिवट वस्तू. निर्णय आमच्याकडून परिस्थितीनेच करून घेतला.

ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एक आदेश काढला होता. मोठे कर्जदार एका बँकेचे कर्ज घेऊन पैसा दुसऱ्याच बँकेच्या चालू खात्यातून फिरवितात, यास आळा घालणे हा त्याचा हेतू. ज्यास कॅश क्रेडिट किंवा ओव्हरड्राफ्ट आहे त्याचे चालू खाते बँकांनी उघडू नये, व्यवहार कर्जाच्या खात्यातूनच व्हावेत, असा त्याचा आशय होता. माशांसाठी टाकलेल्या जाळ्यात आमच्यासारखी चिंगळेही आली. २०२१ च्या पावसाळ्यात एका बँकेकडून खाते बंद करीत असल्याचे पत्र आले. ते पत्र गिरणीच्या बिलांत मिसळून गेले आणि कोणी वाचले नाही. चूक सर्वस्वी आमची. त्या खात्यावर भाताच्या किमतीपोटी दिलेले दोन चेक बाहेर होते. ते परत गेले.

ज्या शेतकऱ्याचा चेक परत गेला तो तिसऱ्या पिढीचा आमचा संबंधी. तो भांडला नाही. चेक टेबलावर ठेवून म्हणाला, "काय झालं हे, अण्णा?" अण्णांनी तेथल्या तेथे रोख पैसे मोजून दिले, माफी मागितली, पण त्या दिवशी ते जेवले नाहीत. न वटलेला चेक हा १९८९ पासून फौजदारी गुन्हा ठरू शकतो हे आम्हांस ठाऊक होते. त्यापेक्षा गावात पत गेल्याचा घाव खोल होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने ५ कोटींहून कमी कर्ज असणाऱ्यांना त्या आदेशातून मोकळीक दिली. आमचे खाते तोवर गेले होते. आम्हीही ते पुन्हा मागितले नाही.

मग एकच खाते ठेवावे काय? पुतण्याचे मत तसेच होते. आमचे नव्हते, आणि त्यास कारण आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा आरंभी ठेवीदारांना सहा महिन्यांत एक हजार रुपयेच काढता येत होते. जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूच्या श्री गुरु राघवेंद्र सहकारी बँकेत ही मर्यादा ३५,००० रुपये होती. ज्याचे दुकान अशा एकाच बँकेवर चालते त्याने हमालांची मजुरी कोठून द्यावी?

ठेवींना विमा आहे हे खरे. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यानंतर तो आला. १९६२ च्या आरंभी त्याची मर्यादा १,५०० रुपये होती, १९९३ पासून १ लाख, आणि फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख. २०२१ च्या दुरुस्तीने ही रक्कम निर्बंध आल्यापासून ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली. पण ९० दिवस म्हणजे खतविक्रेत्याचा एक हंगाम. शिवाय ही मर्यादा खात्यास नसून बँकेस आहे. एकाच बँकेच्या दोन शाखांतील पैसे एकत्र धरतात. एकट्या मालकाच्या दुकानाचे चालू खाते आणि त्याच मालकाची बचत व मुदत ठेव यांचीही बेरीज होते. भागीदारी संस्थेचे खाते तेवढे वेगळे मोजतात.

येथेच आमची आणखी एक समजूत ढासळली. युनियन बँक आणि कॉर्पोरेशन बँक अशा दोन ठिकाणी पैसा विभागला आहे या भरवशावर आम्ही होतो. १ एप्रिल २०२० रोजी कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली आणि आमची दोन्ही खाती एकाच छपराखाली आली. त्याच दिवशी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली. कर्नाटकात राहणाऱ्या वाचकांनी आपली पासबुके या दृष्टीने एकदा पाहावीत. वेगळ्या वाटणाऱ्या दोन बँका आज एकच असण्याचा पुष्कळ संभव आहे. आणि हेही सांगून टाकू, की पतसंस्था, सौहार्द संस्था आणि आपली कृषी पत्तीन यांतील ठेवींस हा विमा मुळीच लागू नाही. तेथे पैसे ठेवू नयेत असे आम्ही म्हणत नाही. माणसे ओळखीची असतात, कारभार मराठीत चालतो, अडीअडचणीला कर्ज मिळते. धंद्याचा खेळता पैसा मात्र तेथे नसावा.

सर्वांत मोठा धडा २०२३ साली मिळाला. रताळ्यांचा हंगाम भरात असताना अण्णांना अर्धांगाचा झटका आला. बेळगावच्या रुग्णालयात हलविले. जीव वाचला, उजवा हात गेला. दुकान त्यांच्या एकट्याच्या मालकीचे. उरलेल्या सर्व खात्यांवर सही त्यांचीच. मोबाइलचा गुप्त अंकही त्यांच्याच डोक्यात, आणि वाचा बंद. खात्यांत साडेसहा लाख रुपये असून आम्हांस एक रुपयाही काढता येईना. खताची गाडी पैसे भरल्याशिवाय सुटत नव्हती, हमाल संध्याकाळी दारात उभे राहात. गिरणीची भागीदारी आमच्या दोघांची असल्यामुळे तिच्या चाळीस हजारांवर आणि वहिनींच्या पाटल्यांवर नऊ दिवस काढले. अखेर एक शाखाधिकारी स्वतः रुग्णालयात आले आणि साक्षीदारांसमक्ष अण्णांच्या अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे दिले. आजारी खातेदारासाठी अशी सोय नियमांत आहे; ती आम्हांस आधी ठाऊक नव्हती.

तेव्हा लक्षात आले की आम्ही इतकी वर्षे खाती मोजत बसलो होतो आणि सह्या मोजल्याच नव्हत्या. एका सहीची दहा खाती असली तरी सही करणारा हात पडला की ती दहाही एकदम बंद.

अण्णा घरी आल्यावर सर्वजण बसलो. दुकानाचे कॅश क्रेडिट हेच मुख्य खाते. सगळी विक्री, फलकावरची आणि गल्ल्यातलीही, तेथेच भरायची. दुसरे चालू खाते निराळ्या बँकेत, त्यात पंधरा दिवसांची मजुरी, वीजबिल आणि एका गाडीचे पैसे एवढेच. तिसरे गिरणीच्या भागीदारीचे, दोघांपैकी कोणाही एकाच्या सहीचे. दुकानाच्या दोन्ही खात्यांवर अण्णांनी पुतण्यास सहीचे अधिकारपत्र दिले. मालकाच्या मृत्यूबरोबर असे अधिकारपत्र संपते, म्हणून वारसाचे नामांकनही केले. नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावे देता येतात, त्याप्रमाणे वहिनींच्या जोडीला मुलीचे नाव घातले. भागीदारीच्या खात्यास नामांकन चालत नाही, तेथे भागीदारीच्या करारातच कलम लिहून घ्यावे लागते.

राहिले चंदगडचे खाते. आता बँकांतून पैसे रात्रंदिवस पाठविता येतात. शिनोळीचा गिऱ्हाईक बांधावर उभा राहून क्षणात रक्कम पाठवितो, त्यास सीमा आडवी येत नाही. खाते ठेवण्यास कारणच उरले नव्हते. तरी अण्णांनी ते वर्षभर बंद करू दिले नाही. "दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होईल आणि दहा वर्षांनी पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातील," असे पुतण्याने सांगितले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "बाबांनी काढलेलं आहे रे."

शेवटी एका सोमवारी अण्णा आपण होऊन म्हणाले, "चला, गाडी काढा." बेळगावात आम्ही खाती उघडण्याचे आणि बंद करण्याचे जे फॉर्म भरले ते कानडी आणि इंग्रजीत होते. चंदगडचा फॉर्म मराठीत होता. अण्णांनी तो अक्षर अन् अक्षर वाचला, डाव्या हाताने हळूहळू सही केली आणि चेकबुकातली उरलेली पाने मोजून खिडकीतून आत दिली. कारकुनाने पासबुकही मागितले. त्यावर शिक्का मारून ते परत मिळेल काय, असे अण्णांनी विचारले. तो तरुण क्षणभर थांबला, शिक्का मारला आणि पासबुक त्यांच्या हाती दिले. यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर तीन चेकबुके होती, आणि खतावणीच्या खाली ते पासबुक.