कुलूप टिकतं, कोयंडा जातो

घरफोडीच्या बातमीत दोन शब्द हटकून असतात: ‘कडीकोयंडा उचकटून’. कुलूप फोडल्याचं त्या मानाने कमी वाचायला मिळतं. असं का, ते वेल्ह्याकडे एका सुतारमामांच्या शेजारी बसून त्यांचं काम पाहिल्यावर नीट कळलं.

वेल्हे, म्हणजे आताचा राजगड तालुका. तोरण्याच्या पायथ्याचं कौलारू घर. घरातले आजी-आजोबा पावसाळाभर मुलाकडे पुण्याला जाणार होते आणि त्याआधी दाराचं काम काढलं होतं. मामांनी जुना कोयंडा काढायला पेचकस लावला, तर स्क्रू दोन वेढ्यांत हातात आले. जेमतेम इंचभर लांब, आणि सोबत लाकडाचा भुसा. वर्षानुवर्षांच्या पावसाने भोकं सैल झालेली. पट्टी आणि लाकडाच्या फटीत कटावणी घालून जोर दिला की सगळं एकदम निघतं. कुलूप मात्र कोयंड्याला तसंच लटकत राहतं, शाबूत.

“कुलूप कितीबी भारी आणा,” मामा म्हणाले, “ते कशाला लटकतंय ते आधी बघा.”

नवा कोयंडा त्यांनी स्क्रूवर बसवलाच नाही. ड्रिलने फळीला आरपार भोकं पाडली, बाहेरून गोल डोक्याचे बोल्ट घातले, म्हणजे पान्ह्याला धरायला कोपराच नाही. आतल्या बाजूला लोखंडी पट्टी टाकून त्यावर नट आवळले आणि बाहेर उरलेल्या आट्यांवर हातोडी मारून ते कायमचे बसवले. मग उठून चौकटीला खांदा लावला. चौकट हलली. मातीच्या भिंतीत तिची पकड सुटली होती. सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला: खपल्या काढणं, भिंतीत लोखंडी होल्डफास्ट गाडणं, सिमेंट भरणं. चौकट हलत असेल तर दाराचं बाकी सगळं काम वाया, हे त्यांनी न बोलता दाखवून दिलं.

हे सगळं चाललं होतं ते पुढच्या दाराला नव्हे. पुढचं दार रस्त्याकडे तोंड करून. त्याला आतून आगळ घालायचं ठरलं होतं. कुलूप लागणार होतं पडवीच्या दाराला, जे शेजारच्या अंगणात उघडतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला पुढच्या दारावर कुलूप दिसणार नाही, आणि जिथे दिसेल तिथे शेजारची माणसं उठता-बसता असतील. आतल्या आत बसणारं कुलूप असतं तर प्रश्नच नव्हता, पण जुन्या दोन फळ्यांच्या दाराला ते नीट बसत नाही. आजोबांनी काढलेली ही तोड मला कुठल्याही महागड्या कुलपापेक्षा मोलाची वाटली.

आजींचं काम वेगळंच चाललं होतं. परसातली पहार, कुऱ्हाड, कोयता एकेक करून आत आले. शिडी गोठ्यातून उचलून माजघरात आडवी ठेवली. चोर बहुतेकदा त्याच घरची हत्यारं वापरतो, आणि कौलारू घराला शिडी म्हणजे सरळ वाटच: चार कौलं बाजूला केली की पोटमाळा. म्हणून पोटमाळ्याच्या झडपेला खालून कडी लावली. गॅसची टाकी बंद केली, देवघरातले चांदीचे टाक पिशवीत घेतले.

सोन्याचं काय, यावर घरात थोडी कुरबुर झाली. आजींना तांदळाच्या डब्यावर भरवसा होता. या खोऱ्यात धन लपवण्याला जुनी परंपरा आहे. तोरण्याच्या डागडुजीत सापडलेल्या धनातून राजगड बांधला, ही कथा इथलं प्रत्येक पोर ऐकून असतं. पण तांदळाचा डबा, धान्याची कणगी, गादीची घडी, देव्हाऱ्यामागचा कोनाडा या जागा चोरालाही पाठ असतात. आत शिरल्यावर आधी डबेच पालथे होतात. शेवटी मुलाने भोरच्या बँकेत लॉकर घ्यायचं पटवलं. लॉकरमध्येही किती भरवसा ठेवायचा, ते माहीत असावं. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे बँकेत चोरी, दरोडा किंवा आग झाली, इमारत कोसळली किंवा कर्मचाऱ्याने अफरातफर केली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या 100 पटीपर्यंतच. भाडं 2,000 रुपये असेल तर 2 लाख. त्याहून जास्त ऐवज असेल तर विम्याचा विचार करावा, आणि घर महिनोन् महिने बंद राहणार असेल तर पॉलिसीत त्याबद्दल काय अट आहे तेही वाचून घ्यावं.

प्रत्येक दागिन्याचा फोटो काढणं हे नातवाचं काम. नव्या दागिन्यांवर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी कोरलेला असतो, तो त्याने मोबाइलवर मोठा करून वहीत उतरवला. आजींच्या जुन्या बोरमाळेवर असं काही नाही. तिचं वजन सराफाच्या पिवळ्या पडलेल्या पावतीवर होतं; त्या पावतीचाही फोटो घेतला.

मग पाऊस. या भागात तो उतरला की दिवसचे दिवस हटत नाही. कौलांवर असा आवाज असतो की शेजारच्या घरात पहार पडली तरी ऐकू येऊ नये. वीज जाते, तिच्याबरोबर कॅमेराही जातो. काही वाड्यांत मोबाइलला रेंजच नाही. भिंती वाचवायला बांधलेल्या ताडपत्रीमागे कोणी उभं असलं तरी दिसत नाही. भातलावणीत अख्खं गाव दिवसभर चिखलात असतं, त्यामुळे भीती रात्रीचीच असं मानू नये. कायदा मात्र दोन्हींत फरक करतो: भारतीय न्याय संहितेच्या कलम 331 प्रमाणे चोरीसाठी दिवसा घर फोडलं तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा, सूर्यास्त ते सूर्योदयाच्या मधे फोडलं तर 14 वर्षांपर्यंत.

त्याच पावसात रिकामं घर आणखी एका गोष्टीने ओळखू येतं. पाय पडले नाहीत की पायऱ्यांवर हिरवं शेवाळ धरतं. म्हणून शेजारच्या जाऊबाईंशी ठरलं ते असं: रोज एकदा पायऱ्या चढून पडवीत यायचं, अंगण झाडायचं, जमेल तेव्हा स्वतःच्या चार कपड्यांची दोरी या ओट्यावर बांधायची. दिवा रात्रंदिवस जळत ठेवायचा नाही. भर दुपारी पेटलेला बल्ब घर रिकामं असल्याचंच सांगतो. दुसरी किल्ली जाऊबाईंकडे, मुलाचा नंबर पोलीस पाटलांकडे.

हे शेजारपण आता आपोआप मिळत नाही, आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. भोर-वेल्ह्याच्या वाड्यांमधली तरणी माणसं पुण्या-मुंबईला आहेत. एका आळीत तीन कुलपं आणि एक म्हातारी, असं चित्र सर्रास दिसतं. पौषात लोक मांढरदेवीच्या यात्रेला निघाले की उरलेली घरंही बंद.

पूर्वी या कामाला गावाचा माणूस नेमलेला असे. रामोशी जागल्या रात्री फिरायचा, आणि चोरी झालीच तर पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचा. माग शेजारच्या गावात शिरला की तपासाची जबाबदारी त्या गावाच्या जागल्यावर. माग काढता आला नाही तर भरपाईचा बोजाही त्याच्यावर येई. राखण करणाऱ्या याच समाजाकडे इंग्रजी अमलात गुन्हेगार म्हणून पाहिलं गेलं, हा अन्याय विसरू नये. आज 1967 च्या कायद्याखालचे पोलीस पाटील आहेत, आणि ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे: एका नंबरवर बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या फोनवर एकदम वाजतो. पण त्या फोनवर काय सांगायचं, ते भान हवं. 2024 च्या पावसाळ्यात पुणे ग्रामीणमध्ये ड्रोन आणि चोरांच्या अफवांनी गावंच्या गावं रात्री जागली. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. अनोळखी माणूस दिसला तर गाडीचा नंबर टिपा, पाटलांना कळवा, 112 ला फोन करा. हात कोणी उचलायचा नाही.

आणि परत आल्यावर दार उघडं दिसलंच, तर आत पाऊल टाकायचं नाही. चोर आत असू शकतो. नसला तरी कपाटावरचे ठसे पंचनाम्याआधी आपल्याच हातांनी पुसले जातात. पसारा तसाच ठेवायचा. फिर्यादीत ‘सोन्याची माळ, अंदाजे’ असं लिहिलं, तर उद्या सराफाकडे सापडलेल्या दहा माळांतून आपली कोणती ते दाखवणं कठीण. चोरीचा माल सापडला तरी तो कोर्टाच्या हुकुमाने परत मिळतो आणि तिथे ओळख पटवावी लागते. नातवाने भरलेली वही आणि बोरमाळेच्या पावतीचा फोटो त्या वेळी कामाला येणार. म्हणून वहीची एक प्रत मुलाकडे पुण्यात ठेवली आहे, घरात नाही.